प्रोजेक्टरला जोडलेली तार : घरच्या पडद्यामागचा अर्धशतकाचा वाद

(१)
आजचा थ्रेड एका तारेविषयी आहे. घरात सिनेमा दाखवणाऱ्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टरची मागची बाजू पाहा. पिवळे गोल सॉकेट, शेजारी चार छिद्रांचे काळे सॉकेट, मग लाल-हिरवे-निळे असे त्रिकूट, पंधरा छिद्रांचे संगणकी सॉकेट आणि अखेरीस चपटे एचडीएमआय. तंत्र सुधारत गेले म्हणून सॉकेट बदलत गेली, असे आपण सहज म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा इतिहास प्रयोगशाळेत घडलेला नाही. तो न्यायालयात, कायदेमंडळांत आणि कंपन्यांच्या करारनाम्यांत घडला.

(२)
आरंभी ही तार नव्हतीच. जत्रेतील तंबूच्या सिनेमात चित्राचे रीळ आणि प्रकाशाचा दिवा एकाच यंत्रात असत. फिल्म दिव्यासमोरून सरकायची आणि तिची सावली पडद्यावर मोठी होऊन पडायची. चित्राचा स्रोत एकीकडे, दिवा दुसरीकडे आणि दोहोंमध्ये विद्युत संकेत, ही रचना दूरचित्रवाणीने आणली. चित्र तारेतून जाऊ लागले आणि त्याबरोबर दोन प्रश्न उभे राहिले. तारेत चित्र मावायचे कसे? आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे ठरवायचे कोणी?

(३)
पहिल्या प्रश्नापासून निघू. पिवळ्या सॉकेटमधून जाणारा संकेत ‘कॉम्पोझिट’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेत १९५० साली तेथील संचार आयोगाने सीबीएस कंपनीची रंगीत पद्धत मान्य केली होती. पीटर गोल्डमार्क यांच्या त्या पद्धतीत लाल, निळी व हिरवी चित्रे एकामागून एक पाठवली जात आणि संचासमोर फिरणाऱ्या रंगीत चकतीमुळे डोळ्याला ती एकत्र भासत. चित्र उत्तम होते, पण घरोघरच्या कृष्णधवल संचांवर ते प्रक्षेपण दिसतच नसे. जून १९५१ मध्ये सुरू झालेले हे प्रक्षेपण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बंद पडले.

(४)
(जाता जाता : गोल्डमार्क यांची चकती कायमची गेली नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली सूक्ष्म आरशांची चिप तयार केली. तिच्यावर चालणाऱ्या, एकच चिप असलेल्या डीएलपी प्रोजेक्टरांपैकी अनेकांत आजही रंगीत चकती फिरते. नजर झटकन वळवली की काहींना पडद्यावर इंद्रधनुष्याची रेघ दिसते, ती याच चकतीमुळे.)

(५)
१७ डिसेंबर १९५३ रोजी आयोगाने दुसरी पद्धत स्वीकारली, ती एनटीएससी. तिची अट एकच होती : जुने संच निकामी होता कामा नयेत. फ्रेंच अभियंते जॉर्ज व्हॅलेन्सी यांनी १९३८ सालीच सुचवले होते की चित्राचा उजळपणा एका संकेतात आणि रंग दुसऱ्या संकेतात ठेवावा. म्हणजे जुना संच फक्त उजळपणा वाचील आणि नवा संच दोन्ही. पण चॅनेलची रुंदी ६ मेगाहर्ट्झ ठरलेली होती आणि ती कृष्णधवल चित्राने भरून गेली होती. रंगाला नवी जागा मिळणार नव्हती.

(६)
मग अभियंत्यांनी काय केले? कृष्णधवल संकेताची ऊर्जा सलग पसरलेली नसते. ओळींच्या वारंवारतेच्या पटीत तिचे पुंजके असतात आणि पुंजक्यांमध्ये फटी असतात. रंगाची वाहक लहर नेमकी अशा फटींत बसेल, अशी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता निवडली गेली. ध्वनीच्या लहरीशी तिचा खटका उडू नये म्हणून सेकंदाला ३० चित्रांऐवजी सुमारे २९.९७ चित्रे करावी लागली. व्हिडिओ संपादन करणाऱ्या मुलामुलींना आजही छळणारा तो विचित्र आकडा येथून आला आहे.

(७)
ही युक्ती असामान्य होती आणि तिची किंमतही होती. एकदा मिसळलेले उजळपण आणि रंग पुन्हा निखळ वेगळे करणे कठीण. निवेदकाच्या बारीक रेघांच्या कोटावर रंगांचे तरंग उठत आणि दोन रंगांच्या सीमेवर ठिपके रांगत जात. चौदा-वीस इंचांच्या संचावर हे कोणाच्या लक्षात येत नसे. त्या पद्धतीचा हिशेबच तेवढ्या पडद्याचा होता.

(८)
युरोपने या पद्धतीतील रंग बिघडण्याचा दोष पाहून वेगळी वाट धरली. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीचे वॉल्टर ब्रुख यांनी एकाआड एक ओळीत रंगसंकेताचा एक भाग उलटवून चुका परस्पर पुसल्या जातील अशी पाल पद्धत बसवली. तिचे प्रक्षेपण १९६७ पासून सुरू झाले. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले ते कृष्णधवलच. १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले आणि भारताने पाल स्वीकारली : ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेतील आप्ताने प्रेमाने धाडलेली लग्नाची कॅसेट येथल्या यंत्रावर धड का दिसत नसे, याचे कारण ब्रुख आणि एनटीएससी यांच्या या फरकात होते.

(९)
आता प्रोजेक्टरकडे वळू. चित्रपटगृहाच्या आकाराचा व्हिडिओ पडद्यावर टाकणारे यंत्र झुरिकच्या तंत्रविद्यापीठात फ्रिट्झ फिशर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभे केले होते. त्याचे नाव आयडोफोर. पण ते अवाढव्य यंत्र घरासाठी नव्हते. घराच्या दिवाणखान्यात मोठे चित्र आणण्याचा ध्यास घेतला तो अमेरिकेतील ध्वनियंत्रांचे निर्माते हेन्री क्लॉस यांनी. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या अ‍ॅडव्हेंट कंपनीने व्हिडिओबीम १००० बाजारात आणला. लाल, हिरवी व निळी अशा तीन नळ्या आणि समोर कर्णात सात फूट पडदा.

(१०)
आणि येथेच १९५३ ची तडजोड उघडी पडली. वीस इंचांवर झाकलेले रांगते ठिपके सात फुटांवर मुंग्यांसारखे दिसू लागले. चित्राच्या ओळी मोजता याव्यात इतक्या सुट्या झाल्या. घरगुती प्रोजेक्टरच्या जोडणीचा पुढचा तांत्रिक इतिहास म्हणजे १९५३ साली एकत्र कोंबलेल्या गोष्टी पुन्हा सुट्या करण्याचा प्रयत्न आहे. त्याला आधी कारण मिळाले ते व्हीसीआरचे.

(११)
सोनीचा बीटामॅक्स १९७५ साली आला आणि जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ साली. प्रथमच सामान्य घरात चित्राचा स्वतःचा स्रोत आला. दूरदर्शन केंद्र दाखवील तेव्हा पाहायचे हा नियम मोडला. १९७६ सालीच युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर खटला भरला. घरी कार्यक्रम टिपून ठेवणे हा प्रताधिकाराचा भंग आहे आणि ते यंत्र विकणारा त्यास जबाबदार आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

(१२)
१९७९ साली सोनी जिंकली, १९८१ साली अपिलात हरली. १९८२ साली अमेरिकी चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी काँग्रेसपुढील साक्षीत व्हीसीआरची तुलना बॉस्टन शहरात एकट्या स्त्रियांचे गळे आवळणाऱ्या खुन्याशी केली. सर्वोच्च न्यायालयाने दोनदा युक्तिवाद ऐकून १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. सोयीच्या वेळी पाहण्यासाठी कार्यक्रम टिपून ठेवणे हा न्याय्य वापर आहे, असे बहुमतातर्फे न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर घरातील व्हिडिओचा इतिहास वेगळा झाला असता.

(१३)
त्याच १९८४ साली भारताच्या संसदेने १९५७ चा प्रताधिकार कायदा सुधारला तो मात्र उलट दिशेने. कारणही निराळे होते. अमेरिकेतला वाद घरातल्या नकलेचा होता आणि आपल्याकडचा बाजारातल्या नकलेचा. व्हिडिओ पार्लरे, भाड्याच्या कॅसेटी, मुंबईहून गावाकडे जाणारे व्हिडिओ कोच यांच्यामुळे निर्माते हवालदिल झाले होते. नव्या दुरुस्तीने व्हिडिओ कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत असणे बंधनकारक केले आणि तुरुंगवासाची मुदत तीन वर्षांपर्यंत नेली. निर्मात्यांची बाजू खोटी नव्हती, हे येथे नोंदवून पुढे जातो. पुढचा भाग वाचताना त्याचा विसर पडू नये.

(१४)
न्यायालयात दार बंद झाल्यावर चित्रपटकंपन्यांचे लक्ष तारेकडे गेले. या थ्रेडचा कणा येथे आहे. जॉन रायन यांनी १९८३ साली मॅक्रोव्हिजन ही कंपनी स्थापली. तिची युक्ती १९८५ साली ‘द कॉटन क्लब’ या चित्रपटाच्या कॅसेटवर प्रथम वापरली गेली. चित्राच्या दोन क्षेत्रांमधल्या रिकाम्या काळात, म्हणजे पडद्यावर काहीच दिसत नसते तेव्हा, संकेतात मुद्दाम तीव्र स्पंदने घुसवायची. दूरचित्रवाणी संच त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. व्हीसीआरमध्ये मात्र संकेताची पातळी आपोआप सांभाळणारे मंडल असते. ते या स्पंदनांनी फसते आणि नक्कल कधी काळवंडलेली, कधी भगभगीत अशी उमटते.

(१५)
युक्ती चोरासाठी होती, पण साव माणूसही तिच्या जाळ्यात सापडे. एक सर्वसाधारण उदाहरण घेऊ. पुढे डीव्हीडी आली तेव्हा अनेक घरांतील जुन्या संचांना पिवळे सॉकेटच नव्हते, फक्त अँटेनाची जोडणी होती. मग लोक डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरला आणि व्हीसीआर संचाला जोडत. काहीही टिपून घेण्याचा हेतू नसे. तरीही संकेत त्या मंडलातून जाई आणि विकत घेतलेला चित्रपट श्वास घेतल्यासारखा उजळत-मावळत राही. यंत्र नादुरुस्त आहे, अशी समजूत करून घेऊन माणसे दुकानदाराशी भांडत. बिघाड यंत्रात नव्हताच, तो चित्रासोबत मुद्दाम धाडलेला होता.

(१६)
दरम्यान सुटे करण्याचे काम चालू होते. १९८७ साली जेव्हीसीच्या सुपर व्हीएचएसबरोबर चार पिनांचे एस-व्हिडिओ सॉकेट रूढ झाले. त्यात उजळपण एका तारेत, रंग दुसऱ्या तारेत. रांगते ठिपके गेले. येथे एक गंमत आहे. १९७८ साली आलेल्या लेझरडिस्कवर चित्र मुळातच मिसळलेल्या रूपात कोरलेले असे. म्हणून तिला एस-व्हिडिओने जोडले तरी प्रश्न उरे तो इतकाच की वेगळे करण्याचे काम प्लेअरमधले मंडल चांगले करते की प्रोजेक्टरमधले. अधिक पिना म्हणजे अधिक चांगले चित्र, हा समज त्या काळच्या शौकिनांनी अनुभवाने सोडला.

(१७)
१९९० च्या दशकातील अमेरिकी ‘होम थिएटर’ शौकीन ही एक वेगळीच जमात होती. सभागृहांतून काढलेले, पन्नास किलोंहून जड असे तीन नळ्यांचे प्रोजेक्टर ते छताला टांगत आणि तिन्ही रंग पडद्यावर एकावर एक आणण्यासाठी रात्री जागवत. या यंत्रांना लाल, हिरवा, निळा, आडवे स्पंदन, उभे स्पंदन अशा पाच वेगळ्या केबली लागत. पडद्यावरच्या सुट्या ओळी भरून काढण्यासाठी मध्ये ‘लाइन डबलर’ नावाची पेटी असे. या पेट्यांतले मोठे नाव ईव्ह फारूजा यांचे. ते अमेरिकेत स्थायिक झालेले मूळचे फ्रेंच अभियंते होते. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा व्हिडिओत भरताना चित्रे कोणत्या क्रमाने दोनदा-तीनदा वापरली गेली आहेत हे त्यांची यंत्रे ओळखत आणि मूळ चित्रे पुन्हा जुळवत. पेटी फार महाग असे. म्हणून दशकाच्या अखेरीस काहींनी संगणकातच डीव्हीडी घालून, आयबीएमने १९८७ साली आणलेल्या पंधरा पिनांच्या व्हीजीए तारेने तो थेट प्रोजेक्टरला जोडला.

(१८)
डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये आली. तिच्यावर उजळपण आणि दोन रंगफरक हे तिन्ही घटक आधीपासूनच वेगळे साठवलेले होते. त्यांना तसेच वेगळे प्रोजेक्टरपर्यंत नेणारे त्रिकूट म्हणजे कॉम्पोनंट. रंग लाल-हिरवे-निळे दिसतात म्हणून तारांतून तेच तीन रंग जातात असे वाटते, पण तसे नाही. हिरव्या तारेत संपूर्ण उजळपण असते. घरी जुने यंत्र असेल तर करून पाहा : फक्त हिरवी तार जोडली तर नीट, स्वच्छ कृष्णधवल चित्र येते. १९५३ साली जुन्या संचांसाठी राखलेला तो कृष्णधवल गाभा असा हिरव्या तारेत सुखरूप बसला आहे.

(१९)
शौकिनांसाठी हा काळ फार सुखाचा होता. कॉम्पोनंट तारेतून साधी डीव्हीडीही जाई आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले हाय डेफिनिशन प्रक्षेपणही जाई. लोकांनी जबर किमती मोजून हाय डेफिनिशनचे संच आणि प्रोजेक्टर घेतले. त्यांतल्या बहुतेकांना केवळ हीच अ‍ॅनालॉग जोडणी होती. या लोकांवर पुढे जे ओढवले, त्याची बीजे त्याच वर्षी पेरली गेली.

(२०)
१९९८ साली अमेरिकेने डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा केला. चित्राला लावलेले कुलूप तोडणे हाच त्याने गुन्हा ठरवला. कुलूप उघडून केलेला वापर अन्यथा न्याय्य आहे की नाही, हा १९८४ चा प्रश्न त्यामुळे बराचसा बाजूला पडला. पुढच्याच वर्षी डीव्हीडीचे कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम प्रसृत झाला. त्या प्रकरणी नॉर्वेतील किशोरवयीन यॉन लेक योहान्सन याच्यावर खटला झाला. २००३ साली तेथील न्यायालयांनी दोन्ही पातळ्यांवर त्याला निर्दोष ठरवले. विकत घेतलेली चकती आपल्या पसंतीच्या यंत्रावर पाहणे हा गुन्हा नव्हे, असे त्या निकालाचे सार होते. पण तोवर कंपन्यांनी पुढची तार तयार केली होती.

(२१)
१९९९ साली संगणक कंपन्यांच्या गटाने डीव्हीआय ही डिजिटल जोडणी जाहीर केली. इंटेलने तिच्यासाठी एचडीसीपी हे कुलूप बनवले. डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी एचडीएमआयची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली : एकोणीस पिना, चित्र व ध्वनी एकाच तारेत. सोय निर्विवाद मोठी होती. यादीत सोनी आहे, हे पाहून १९८४ ची आठवण येते. मधल्या काळात, १९८९ साली, सोनीने कोलंबिया पिक्चर्स हा स्टुडिओच विकत घेतला होता.

(२२)
एचडीएमआय जोडल्यावर दोन टोकांत काय संवाद होतो, हे जाणून घेण्यासारखे आहे. आधी प्रोजेक्टर आपली ओळख देतो : मी अमुक आकाराचे, अमुक वेगाचे चित्र दाखवू शकतो. ही ‘ईडीआयडी’ पद्धत संगणकाच्या पडद्यांसाठी १९९४ साली आली होती. मग कुलपाची बोलणी सुरू होतात. प्रत्येक यंत्रात ५६ बिटांच्या चाळीस गुप्त किल्ल्या असतात. दोन्ही यंत्रे स्वतःचे क्रमांक परस्परांना देतात, त्यांवरून आपापल्या किल्ल्या निवडून बेरीज करतात आणि बेरजा जुळल्या तरच चित्र उलगडते. जुन्या आवृत्तीत दर १२८ चित्रांनी, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, ही ओळख पुन्हा तपासली जाते.

(२३)
तपासणी चुकली की पडदा काळा होतो किंवा त्यावर मुंग्या येतात. म्हणून स्रोत बदलला की काही क्षण अंधार होतो. म्हणून मध्ये अ‍ॅम्प्लिफायर असेल तर कधी आवाज येतो आणि चित्र येत नाही. म्हणून यंत्रे चालू करण्याचा क्रम बदलला की सारे सुरळीत होते. ‘आधी प्रोजेक्टर, मग अ‍ॅम्प्लिफायर, शेवटी प्लेअर’ हा घरोघरचा मंत्र अंधश्रद्धा नाही. पिवळ्या तारेला समोर कोण आहे याची चौकशी नव्हती. नव्या तारेला ती असते.

(२४)
आता त्या आरंभीच्या खरेदीदारांकडे येऊ. जानेवारी २००५ मध्ये युरोपात ‘एचडी रेडी’ हे चिन्ह सुरू झाले. ते मिळवण्यासाठी एचडीसीपी असलेले डिजिटल सॉकेट आवश्यक होते. २००६ साली ब्लू-रे आली. तिच्या संरक्षणव्यवस्थेत अशी तरतूद होती की चकतीवर एक खूण असेल तर अ‍ॅनालॉग तारेतून चित्र ९६० बाय ५४० इतकेच, म्हणजे एक चतुर्थांश पिक्सेलांचे जावे. प्रत्यक्षात ही खूण क्वचितच वापरली गेली. तलवार म्यानातच राहिली, पण म्यानात तलवार आहे हे सर्वांना ठाऊक होते. डीव्हीडीच्या बाबतीत जाच रोजचा होता : संरक्षित डीव्हीडीचे चित्र मोठे करून कॉम्पोनंट तारेने पाठवण्यास प्लेअरला मनाई होती, एचडीएमआयने मात्र ते जाई.

(२५)
पुढे ‘अ‍ॅनालॉग सनसेट’ आला. नाव मोठे काव्यमय आहे. २०१० नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेअरांनी संरक्षित चकतीचे चित्र अ‍ॅनालॉग तारेतून साध्या, जुन्या दर्जाचेच द्यावे आणि २०१३ नंतर बनलेल्यांनी ते मुळीच देऊ नये, असा करार होता. ज्यांनी नवे तंत्र सर्वांत आधी आणि सर्वांत महाग विकत घेतले, त्यांचेच प्रोजेक्टर धडधाकट असताना नव्या प्लेअरला निरुपयोगी ठरले. काच, दिवा, नळ्या यांतील काहीही बिघडलेले नव्हते.

(२६)
आणि या कुलपाने चोरी थांबली का? संगणकशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००१ सालीच दाखवले होते की सुमारे चाळीस यंत्रांच्या किल्ल्या हाती आल्या तर एचडीसीपीची मूळ किल्ली गणिताने काढता येईल. सप्टेंबर २०१० मध्ये ती मूळ किल्ली महाजालावर झळकली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. पण त्याने विशेष काही बदलले नाही, कारण मुळात चोर त्या रस्त्याने जातच नव्हता. थोडा हिशेब करा. दोन तासांचा पूर्ण हाय डेफिनिशन चित्रपट तारेतून न आवळता, उलगडलेल्या रूपात जातो, तेव्हा तो सुमारे एक टेराबाइट भरतो. तोच चित्रपट ५० गिगाबाइटच्या चकतीवर आवळून बसलेला असतो. नक्कल करणाऱ्याने चकतीचे कुलूप फोडले, आणि तेही ब्लू-रे बाजारात येऊन वर्ष होण्याच्या आत फुटले होते. तारेच्या कुलपाशी अडकून पडला तो पावती जवळ असलेला ग्राहक. निर्मात्यांचे नुकसान खरे होते, हे वर म्हटलेच आहे. त्यावरचा हा उपाय मात्र चुकीच्या दारावर बसवलेला होता, असे माझे मत आहे.

(२७)
यानंतरची कथा वेगाची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. एचडीएमआयच्या पहिल्या आवृत्तीची क्षमता सेकंदाला ४.९५ गिगाबिट होती. २००६ साली ती १०.२, २०१३ साली १८ आणि २०१७ साली ४८ झाली. कुलूपही बदलले. ४के चित्रासाठी एचडीसीपी २.२ आले आणि पुन्हा तोच खेळ झाला : नव्या वेगाचे पण जुन्या कुलपाचे अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्यांना ४के चित्र त्यातून पुढे नेता येईना. त्यांना ध्वनीसाठी एक तार आणि चित्रासाठी प्रोजेक्टरकडे थेट दुसरी, असा वळसा घ्यावा लागला.

(२८)
वेगाने एक जुनी अडचणही परत आणली. प्रोजेक्टर छताला आणि प्लेअर पडद्याखाली, म्हणजे भिंतीतून सहज दहा-बारा मीटरांची तार जाते. पिवळ्या तारेला या अंतराचे काही वाटत नसे. चित्र थोडे मऊ होई, इतकेच. डिजिटल तार मऊ होत नाही, ती तुटते : ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात, मग पडदा काळा होतो. १८ गिगाबिटला साध्या तांब्याच्या केबलीचा भरवसा सात-आठ मीटरांच्या पुढे धरू नये. म्हणून आता आत प्रकाशतंतू असलेल्या केबली वापरतात. त्यांना दिशा असते, एक टोक स्रोताचे आणि दुसरे पडद्याचे. भिंतीत पुरण्याआधी टोकांवरची अक्षरे वाचा. उलटी पुरलेली केबल बाहेर काढताना भिंतही फोडावी लागते.

(२९)
अलीकडे प्रोजेक्टरच्या पोटातच संगणक असतो. वायफाय जोडले की चित्रपट सुरू, तार नाहीच. दिवा आणि स्रोत पुन्हा एका पेटीत आले. तरी कुलूप त्या पेटीतही आहे. नेटफ्लिक्ससारखी सेवा प्रमाणित यंत्रावरच पूर्ण दर्जाने चालते आणि स्वस्तातल्या अनेक स्मार्ट प्रोजेक्टरांना ते प्रमाणपत्र मिळालेले नसते. मग मालक बोटाएवढी एक प्रमाणित स्टिक विकत आणतो आणि स्मार्ट प्रोजेक्टरच्या पाठीमागच्या चपट्या सॉकेटमध्ये खोचतो.